कोटाची पिशवी

चहाच्या टपरीवरून फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. लग्नसराईचे दिवस, समोर शिवायच्या पँटींचा ढीग. टपरीवाला एवढंच म्हणाला, की तुमचे वडील रोडला उभे आहेत, अंगात कोट आहे, आणि पाणी दिलं तर घेत नाहीत. मी शटर अर्धंच ओढलं आणि निघालो.

आमचं गाव आखाडा बाळापूर. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा मोठा रस्ता गावाला घासून जातो. ट्रक, कंटेनर, एसटी, सगळं त्याच रस्त्यानं, आणि गाव आलं म्हणून कोणी वेग कमी करत नाही. लहानपणी माय आम्हाला त्या रस्त्याची भीती घालायची. म्हातारपणी ती भीती बाबांसाठी बाळगावी लागेल असं तिला किंवा मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, पांढऱ्या पट्ट्याच्या आत. मे महिन्याचं ऊन, डांबर मऊ झालेलं, आणि त्यांच्या अंगात काळा चामड्याचा कोट, चेन गळ्यापर्यंत लावलेली. घाम कानशिलावरून कॉलरमध्ये उतरत होता. ट्रक जवळ आला की ते हात वर करायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचे. ड्रायव्हर हॉर्न मारून बाजूनं गाडी काढायचे. मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला. चामडं तव्यासारखं तापलं होतं.

"बाबा, चला घरी."

"थांब रे," ते म्हणाले. "गाडी येऊन राहिली. क्लीनर डिझेल भरायला घेऊन गेलाय."

कुठली गाडी आणि कुठला क्लीनर. बाबांनी स्टिअरिंग सोडून कैक वर्षं झाली होती.

तरणेपणापासून गुडघे जाईपर्यंत त्यांनी ट्रक चालवला. वसमतच्या मोंढ्यातून हळद भरायची आणि सांगलीला न्यायची, हा त्यांचा नेहमीचा फेरा. पुढं मालकानं मोठी गाडी घेतली तेव्हा ते दिल्ली, पंजाबपर्यंत जायला लागले. तिकडच्या थंडीत पहिल्याच खेपेला त्यांची बोटं स्टिअरिंगवर वळेनाशी झाली म्हणे. म्हणून दिल्लीच्या एका फुटपाथवरून त्यांनी हा कोट घेतला, कुणीतरी वापरून टाकलेला. आमच्या गावात असा कोट दुसऱ्या कुणाकडं नव्हता. बाबा खेपेवरून आले की लांबूनच कळायचं. गल्लीतली लेकरं ओरडायची, कोटवाले आले. घरी मात्र त्या कोटाला आत जागा नव्हती. मायच्या गळ्यात माळ, देवघराकडं चामडं गेलेलं तिला चालत नसे. कोट ओसरीवरच्या खुंटीला लटकायचा. दिवाळीच्या आधी बाबा त्याला एरंडेल चोळायचे, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचे आणि पुन्हा खुंटीला लावायचे.

विसरणं हळूहळू आलं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं की हे आता मागं फिरणार नाही, जपायचं. जपायचं म्हणजे काय ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. ते रोज थोडं थोडं कळत गेलं. एका हिवाळ्यात बाबांनी कोट खुंटीवरून काढला आणि अंगात घातला. थंडी होती, आम्हाला बरं वाटलं. होळी झाली तरी कोट अंगावरच. रात्री झोपताना तेवढा काढायचे आणि उशाला घ्यायचे. काढायला गेलं की दोन्ही हातांनी छातीशी धरायचे.

त्या दुपारी त्यांना घरी आणलं आणि दारातच ते खाली बसले. डोळे फिरले. माझी बायको मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी कोटाची चेन ओढून उघडली. आतला सदरा पिळून काढावा इतका ओला होता आणि पाठीवर घामोळ्यांनी लाल चट्टे उठले होते. सलाईन लावली. जाताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की हा कोट या उन्हाळ्यात यांचा जीव घेईल. कसंही करा, पण अंगावरून उतरवा.

मी तो त्याच संध्याकाळी पोत्यात भरून माळ्यावर टाकला.

आता धोका टळला असं वाटलं होतं. उलट झालं. बाबा सकाळी उठले आणि कोट शोधायला लागले. खुंटी चाचपली, खाटेखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बघितलं. बोलत काहीच नव्हते. माझी बायको त्यांना मामा म्हणते. तिनं विचारलं, मामा, काय हुडकता? तर ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले, कारण काय हुडकतोय तेही मधूनच विसरत होते. हात मात्र विसरत नव्हते. उजवा हात सारखा छातीच्या डाव्या बाजूला जायचा, कोटाचा आतला खिसा जिथं असायचा तिथं, आणि सदऱ्यावरून घसरून खाली यायचा. त्या खिशात ते लायसन आणि तंबाखूची पुडी ठेवायचे. जेवण अर्ध्यावर आलं. माय ताट पुढं सरकवायची आणि ते उठून पुन्हा खुंटीकडं जायचे.

अशात एका सकाळी ते निघून गेले. माय देवपूजेला बसली होती, बायको पाणी भरत होती, मी दुकानात. तिघांनाही वाटलं ते दुसऱ्याच्या नजरेखाली आहेत.

मी आधी रस्त्यावर धावलो. टपरीवाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं, बसथांब्यावर विचारलं. कुणालाच काही सांगता येईना. पंक्चरवाला खरं तेच बोलला. म्हणाला, कोट असता तर ध्यानात आलं असतं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, असे म्हातारे सकाळपासून कितीतरी गेले. बाबांच्या जिवासाठी म्हणून जे उतरवलं, त्यामुळेच ते गर्दीत दिसेनासे झाले होते. मोटारसायकल काढून मी एकदा कळमनुरीच्या बाजूला गेलो, एकदा नांदेडच्या बाजूला. पुढं कुठं गर्दी दिसली की गाडी हळू करून बघायचो. एका वळणावर माणसं गोल करून उभी होती. गाडी लावून मी त्यांच्यात शिरलो. एक शेळी मेली होती.

बायकोचा फोन आला. ती म्हणाली, सकाळी चहा पिताना मामा दोनदा बोलले होते, हळद भरायची हाय, उशीर व्हून राहिला. तिनं तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, कारण असं ते काहीबाही बोलतच असत. मी गाडी वसमतच्या रस्त्याला घातली.

मोंढ्यात हळदीचा हंगाम जोरात होता. पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, ओळीनं लागलेले ट्रक. मी एकेका ट्रकच्या बाजूनं वाकून बघत गेलो. बाबा एका गाडीच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून बसले होते. भुवया पिवळ्या झाल्या होत्या. कुणीतरी हमालानं त्यांना भाकरी दिली होती, ती हातात तशीच होती. कुठल्या तरी टेम्पोवाल्यानं त्यांना इथवर आणलं असणार. रस्त्यावर हात केलेल्या म्हाताऱ्याला आमच्याकडचे टेम्पोवाले नाही म्हणत नाहीत.

मी त्यांच्या पुढ्यात बसलो. त्यांनी मला ओळखलं की नाही माहीत नाही. पण ते म्हणाले, "माझा कोट आणलास का?"

मी त्यांची टोपी सरळ केली आणि त्यांना उठवलं.

त्या संध्याकाळी बायकोनं तोडगा सांगितला. पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, की कोटाची पिशवी शिवा. खांद्याला अडकवायची. अंगावर चामडं राहील आणि अंग मोकळं राहील. लांबून दिसेलही. आणि आतून आपला फोन नंबर टाकता येईल. ऐकायला ते इतकं सरळ होतं की आपल्याला का सुचलं नाही असं मला वाटलं. मग माझी नजर मायकडं गेली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"त्यो जित्या माणसाचा कोट हाय," ती म्हणाली. "माणूस गेल्यावर त्याचे कपडे कापतेत, वाटतेत. जित्या माणसाचा कापत न्हाईत."

असं काही असतं की नाही मला माहीत नव्हतं. तिच्या आईनं सांगितलेलं असेल, किंवा तिला त्याच क्षणी वाटलं असेल. मी तिला समजावलं, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. ती वाद घालत नव्हती. तुमाला करायचं ते करा म्हणाली आणि उठून गेली. पण तिचं ते वाक्य माझ्या मनात खिळ्यासारखं बसलं. पुढं जे जे केलं ते हात आखडूनच केलं.

कोट दुकानात आणला आणि कापायच्या टेबलावर पसरला. मी दहावीनंतर या कामात आलो, हजारो मीटर कापड कापलं असेल, पण चामड्याला कधी कातरी लावली नव्हती. कापडाचं एक बरं असतं. शिलाई चुकली तर उसवावी, इस्त्री फिरवावी, भोकं बुजून जातात. चामड्यात सुई एकदा गेली की ते भोक कायमचं. टाचणीसुद्धा लावायची सोय नाही. मी बायकोकडून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि तेच लावत गेलो. कोपरांवर आणि खांद्यावर कोटाला भेगा गेल्या होत्या, कॉलर घासून पांढरी पडली होती. धड होती ती पाठ. एवढ्या वर्षांत बाबांची पाठ सीटला टेकून टेकून तिथलं चामडं मऊ आणि चकचकीत झालं होतं. खिशात हात घातला तर नखांत तंबाखूची धूळ आली.

पाठीला हात लावायच्या आधी मी एक बाही काढून तिच्यावर हात बसवून बघायचं ठरवलं. बाहीची शिवण उसवली. आता परत नाही, असं वाटलं. बाहीचे दोन तुकडे जोडून मशीनखाली घातले. चामडं मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाला चिकटून बसलं, पुढं सरकेना. खाली कागद घातला तेव्हा सरकलं, पण सुई तुटली. जीन्सची जाड सुई लावली. शिलाई झाली, दिसायलाही बरी होती. दोन्ही तुकडे धरून जरा ओढले आणि शिलाईच्या रेघेवर ते वहीचं पान फाटावं तसे फाटत गेले. टाके फार जवळ पडले होते, चामडं भोकांनीच तुटलं. हीच पाठ असती तर?

बसस्टँडजवळ चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांच्याकडं कोट घेऊन गेलो आणि म्हटलं तुम्हीच शिवून द्या. त्यांनी कोट उलटा केला, वास घेतला, भेगांवर अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, इतकं जुनं चामडं आहे, कुठं फाटेल सांगता येत नाही, आणि वडिलांची वस्तू म्हणता, मग बोल आमच्यावर नको. तुमच्या हातून फाटलं तर तुमचं तुम्हाला. मेणाचा दोरा आणि दोन जाड सुया मात्र त्यांनी दिल्या, आरीनं आधी भोकं पाडून घ्या म्हणाले. म्हणजे मी घाबरत होतो ते काही उगाच नव्हतं. हे काम ज्याचं रोजचं तोही घाबरत होता. मला त्यानं धीर यायला हवा होता की नको, हे अजून ठरवता आलेलं नाही.

घरी मी बाबांना सांगितलं होतं, की कोट धुवायला नांदेडला दिलाय. ते रोज विचारायचे, मी रोज तेच सांगायचो, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायचे. खोटं बोलणं इतकं सोपं झालेलं मला बघवत नव्हतं. बाहेर पडू नयेत म्हणून आम्ही फाटकाला कडी लावली. माय दारातच बसून राहायची, भाजी निवडायलाही आत जायची नाही. मी दुकानातून दर थोड्या वेळानं घरी फोन करायचो. फोन उचलायला उशीर झाला की सुई बोटात घुसायची.

एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मी पाठ कापली. खडूनं आखलेल्या रेघेवरून कातरी एका दमात न्यायची होती. अडखळलो तर कड दातेरी होणार. कातरी पुढं जात असताना येणारा आवाज कापडाच्या आवाजासारखा नव्हता, जाड आणि ओलसर होता. कापून झालं तेव्हा माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यानंतर दिवसातून जमेल तसं मी भोकं पाडत गेलो, मोजून अंतर ठेवून, आणि दोन्ही बाजूंनी दोन सुया घेऊन दोरा ओढत गेलो. शेजारच्या किराणावाल्यानं विचारलं, काय, आता चपला बी शिवायलास का? मी हसलो आणि काम करत राहिलो. तोंड उघडलं असतं तर त्याच्यासमोर काय काय बोलून गेलो असतो कुणास ठाऊक.

पिशवीचं झाकण पाठीच्या वरच्या भागाचं केलं. बाह्यांचे धड पट्टे जोडून खांद्याचा पट्टा केला, त्याला आतून जुन्या जीन्सचं कापड लावलं, म्हणजे ओढ कापडावर यावी. कोटाची चेन काढून पिशवीच्या तोंडाला बसवली. आतला डावीकडचा खिसा होता तसाच, अस्तरासकट कापून घेतला आणि पिशवीच्या आत शिवला. पिशवी अंगासमोर घेतली तर उजवा हात बरोबर त्याच्यावर पडेल अशा जागी. नंबर टाकायचा कुठं, यावर माझं आणि बायकोचं बरंच बोलणं झालं. बाहेरून टाकला तर पटकन दिसेल. पण मग रस्त्यानं येणारा जाणारा प्रत्येक जण वाचणार, की हा माणूस हरवणारा आहे. ज्या माणसानं नकाशा न बघता अर्धा देश पालथा घातला त्याच्या अंगावर असं लिहायला माझा हात होईना. शेवटी बायकोनं झाकणाच्या आतल्या बाजूच्या अस्तरावर लाल दोऱ्यानं गावाचं नाव आणि नंबर भरला.

काम अर्धवट होतं तेव्हाच एक प्रसंग घडला. माय दवाखान्यात गेली होती म्हणून बायको बाबांना दुकानात बसवून घरी गेली. टेबलावर उरलेला कोट होता, पाठ नसलेला, एका बाहीचा, आणि शेजारी कापलेले तुकडे. झाकायला मी कापड शोधत होतो तोवर बाबा उठून टेबलाजवळ आले. मी जागच्या जागी उभा राहिलो. त्यांनी पाठीच्या तुकड्यावरून हात फिरवला, कडेपर्यंत नेला, परत आणला. त्यांना समजलं तर ते रडतील, की मला मारतील, की तिथंच कोसळतील, काही कळत नव्हतं. मायचं वाक्य कानात वाजत होतं.

"कुनाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "एका ड्रायव्हरचं हाय, बाबा."

"चांगलं चामडं हाय. नीट काप," ते म्हणाले. मग परत खुर्चीत जाऊन बसले आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "माझा कोट नांदेडहून आला का?"

मी सुटलो होतो, आणि सुटल्याबरोबर त्याहून मोठी भीती मला दिसली. हातानं चाचपूनही त्यांना ते आपलं वाटलं नव्हतं. मग पिशवी कशी वाटणार? मी कोट कापून बसलो होतो, आता तो पुन्हा कोट होणार नव्हता. पुढचे टाके मी घातले ते केवळ सुरुवात केली होती म्हणून.

पिशवी झाली. एरंडेल लावलं, पुसली, घरी नेली. बाबा ओसरीवर बसले होते. मी ती त्यांच्या खांद्याला अडकवली आणि म्हटलं, बाबा, तुमची पिशवी. त्यांनी पट्टा खांद्यावरून काढला, पिशवी नीट माझ्या हातात दिली. "ज्याची हाय त्याला दे," म्हणाले. "लोकाची वस्तू घेऊ नी." मी पुन्हा दिली, त्यांनी पुन्हा परत केली. बायकोनं देऊन बघितली. तिच्याकडूनही घेतली नाही. शेवटी मी ती कोटाच्या खुंटीला लटकवली आणि बाबा दिवसभर तिच्या शेजारच्या भिंतीवर हात फिरवून कोट शोधत राहिले.

ते दिवस फार वाईट गेले. उन्हाळा टोकाला पोचला होता. बाबा फाटकाची कडी वाजवत राहायचे. शेजारीपाजारी विचारायचे, काहून कोंडून ठेवलंय म्हाताऱ्याला? मी मायच्या नजरेला नजर देत नव्हतो. ती काही म्हणाली नाही, एकदाही नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. बाबांना बारीक ताप आला तेव्हा मला वाटलं, कोट कापल्याचंच हे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो होतो, पण कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवताना माझा विश्वास होता. ताप उतरला. पण खाणं जवळपास बंदच झालं.

मग एका सकाळी मायनं जे केलं ते मी न्हाणीच्या दारातून बघितलं. तिनं चुलीवर भाकरी केली, पिठल्यात लसणाची फोडणी घातली, स्टीलचा डबा भरला. धुतलेला टॉवेल घेतला, तंबाखूची पुडी घेतली. आणि जिनं कधी त्या कोटाला बोट लावलं नव्हतं ती खुंटीकडं गेली, पिशवी काढली, मांडीवर घेतली, चेन उघडून डबा खाली बसवला, वर टॉवेल ठेवला. पुडी आतल्या खिशात सारली. चेन लावली. ती उठली आणि ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, थेट तशी, जशी आम्ही लहान असताना बाबा खेपेला निघाले की उभी राहायची.

"डबा घेतलाय का?" ती म्हणाली. "न्हाईतर जाल तसेच."

फाटकाशी उभे असलेले बाबा वळून आले. त्यांनी पिशवीकडं बघितलंच नाही, तिच्याकडं बघितलं. पट्टा घेतला आणि डोक्यावरून खांद्यावर टाकला. मग उजवा हात पिशवीत गेला, खिशापर्यंत, आणि पुडी घेऊन बाहेर आला. ओसरीच्या कडेला बसून ते तंबाखू मळायला लागले. थोड्या वेळानं डबा काढून भाकरी खाल्ली, अख्खी.

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तेव्हा माय देवघराकडं जायच्या आधी हात धूत होती. मी तिला म्हणालो, माय, तू चामड्याला हात लावलास. ती म्हणाली, "डबा द्यायचा होता."

तेव्हापासून पिशवी त्यांच्या खांद्यावर आहे. कोट त्यांनी त्यानंतरही काही दिवस विचारला, मग विचारायचं थांबलं. पिशवी म्हणजेच कोट, असं त्यांना कधी वाटलं का, मी सांगू शकत नाही. मला वाटतं ती त्यांच्यासाठी फक्त डब्याची पिशवी आहे, आणि माझं ते सगळं शिवणं मायच्या त्या एका वाक्यावर तरलं.

पावसाळ्यात ते एकदा फाटक उघडं राहिलेलं बघून गेलेच. यावेळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, चामड्याची पिशवी अडकवलेले एक बाबा आमच्या शेताजवळ बसलेत, डबा खाऊन राहिले, पिशवीत हा नंबर दिसला. मी गेलो तेव्हा बाबा त्या बाईंना दिल्लीच्या थंडीबद्दल सांगत होते आणि त्या खुरपं बाजूला ठेवून ऐकत होत्या. गाडीवर मागं बसताना त्यांनी पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये घेतली. घर येईपर्यंत तिची कड माझ्या पाठीला टोचत होती.

आता ते फारसे उठत नाहीत. फाटक आता उघडंच असतं आणि जाता-येता ते त्याच्याकडं बघतही नाहीत. सकाळी मी त्यांना दुकानात आणून खुर्चीत बसवतो, पिशवी मांडीवर. पट्ट्याची शिवण एका जागी सुटायला आली होती, ती मी त्यांच्या मांडीवरच घातली, कारण काढून घेतलेली त्यांना चालत नाही. समोरून ट्रक जातात. पूर्वी ट्रकचा हॉर्न ऐकला की मी दचकून त्यांच्याकडं बघायचो, उठले तर नाहीत ना. आजही हॉर्न वाजला की मी मशीन थांबवतो आणि मान वळवतो. ते तसेच बसलेले असतात, हात खिशाशी. त्यांनी निदान रस्त्याकडं तरी बघावं म्हणून मी क्षणभर वाट बघतो, आणि पुन्हा मशीनला पाय लावतो.